लूत्रो: जिथे गाडीरस्ता पोचत नाही तिथली सहा दिवसांची सुट्टी

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लेफ्का ओरी म्हणजे 'पांढऱ्या डोंगरां'च्या पायथ्याशी लूत्रो आहे. पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, समोर चंद्रकोरीसारखं वळलेलं छोटं आखात आणि त्याच्या कडेनं एकच पायवाट. गावात मोटार नाही, स्कूटर नाही, कारण गाडीरस्ताच नाही. यायचं तर बोटीनं, नाहीतर पायी. त्यामुळे इथला दिवस बोट, ऊन आणि वारा या तिघांच्या मर्जीनं चालतो. खालच्या बहुतेक बेतांमागे एकच युक्ती आहे: सकाळी लवकर चालत जायचं आणि परतताना बोट धरायची. उलटं केलं की भर दुपारी डोंगर चढायची पाळी येते.

निघण्याआधी

शाळेची मे महिन्यातली सुट्टी इथे छान जमते. डोंगरमाथ्यावर तेव्हा थोडा बर्फ असतो, वाटेकडेला फुलं असतात आणि चालायला हवा उत्तम. समुद्र मात्र गार, साधारण १९-२० अंश. पोहण्यासाठीच जायचं असेल तर सप्टेंबर. पाणी २५ अंशांच्या आसपास असतं आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. दिवाळीच्या सुट्टीचा बेत बहुतेकदा फसतो. ऑक्टोबर संपता संपता खोल्या बंद होऊ लागतात, बोटी कमी होतात आणि नोव्हेंबरात गाव जवळजवळ रिकामं असतं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. प्रौढांना शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. अथेन्सहून क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हानिया शहराला विमान तासाभरात पोचतं. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची मोठी बोटही आहे. ती सकाळी हानियाजवळच्या सूदा बंदरात सोडते आणि एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचवते.

सामान दहा-बारा किलोंच्या वर नको. धक्क्यापासून खोलीपर्यंत ते आपल्यालाच न्यायचं आहे आणि वरच्या ओळीतल्या घरांना पायऱ्या आहेत. जाड तळव्याचे बूट, पाण्यात घालायचे रबरी बूट, टोपी, रोजची औषधं आणि रोख पैसे हवेत. गावात बँक नाही. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

दिवस पहिला: हानिया ते लूत्रो

हानियाच्या स्थानकावरून होरा स्फाकिओनची बस पकडायची. अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, वेळ पावणेदोन ते दोन तास. व्रिसेस गावानंतर गाडी डोंगर चढू लागते, आस्किफूचं पठार ओलांडते आणि मग लिबियन समुद्राच्या दिशेनं वळणावळणानं खाली उतरते. वरंधा घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना इथेही लागेल. गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, वळणं सुरू झाल्यावर नव्हे. उतरताना समुद्र बघायचा तर पुढची जागा धरा.

होरा स्फाकिओन म्हणजे छोटं बंदर आणि भोवती खानावळी. १९४१ च्या मे महिन्याच्या अखेरीस, क्रीटची लढाई हरल्यावर दोस्त राष्ट्रांचे हजारो सैनिक याच किनाऱ्यावरून रात्री बोटींत चढून इजिप्तकडे गेले. धक्क्याजवळ त्याचं स्मारक आहे. इथली कामं दोन: एटीएममधून पैसे काढायचे आणि बोटीचं तिकीट घ्यायचं. तिकीट बोटीवर मिळत नाही, धक्क्याजवळच्या खिडकीवर मिळतं. वेळापत्रक महिन्यागणिक बदलतं, म्हणून खिडकीवर लावलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा. पुढचे पाच दिवस तोच कामाला येतो.

बोटीला लूत्रोपर्यंत वीसेक मिनिटं लागतात. डाव्या बाजूला उघडा समुद्र, उजव्या बाजूला सरळ पाण्यात उतरणारे उघडे कडे. वळण येतं आणि पांढरं गाव एकदम समोर उभं राहतं. पुढची फळी खाली पडली की लोक झरझर उतरतात. बोट फार थांबत नाही, तेव्हा सामान आधीच हाताशी घ्या.

खोली घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. गावाचं तोंड पूर्वेकडे आणि पाठीशी डोंगर, म्हणून सकाळचं ऊन थेट बिछान्यावर येतं आणि संध्याकाळी सावली लवकर पडते. पहिल्या ओळीतल्या खोलीला समुद्र मिळतो, पण जेवणावळींचा आवाजही मिळतो. लवकर झोपणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर दुसरी ओळ बरी. पायऱ्या मात्र आधी विचारून घ्या. आणि न्हाणीघरातली पाटी गंभीरपणे घ्या: ग्रीसमध्ये सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, टॉयलेट पेपर भांड्यात टाकला की तुंबतं. तो शेजारच्या झाकणाच्या डब्यात.

दिवस दुसरा: काहीच न करण्याचा

प्रवासाचा शीण घालवायला हा दिवस गावातच काढा. गावाचा किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही, म्हणून रबरी बूट. खडकांच्या कपारीत काळे काटेरी गोळे चिकटलेले दिसतील, ते सी-अर्चिन. त्यावर पाय पडला तर काटा आत तुटतो. कोमट पाण्यात पाय बुडवून चिमट्यानं सरळ ओढावा. खणत बसलं की आणखी तुकडे होतात.

कोकणात वाढलेल्या माणसाला या समुद्राबद्दल दोन गोष्टी चमत्कारिक वाटतात. पहिली, भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं. इथे फरक फूटभराचाही क्वचित होतो. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडातून अटलांटिकची भरती आत फारशी शिरूच शकत नाही. म्हणूनच खानावळींची टेबलं पाण्याच्या काठाला टेकवून मांडता येतात. दुसरी, पाणी इतकं नितळ की दहा मीटर खालचे दगड मोजता यावेत. त्याचं कारण तसं उदास आहे: पाण्यात खाद्यच कमी. मोठ्या नद्या नाहीत, पोषक द्रव्यं तुटपुंजी, त्यामुळे शेवाळकण कमी आणि मासेही कमी. आपल्या किनाऱ्याचं हिरवट गढूळ पाणी बांगड्यांनी भरलेलं असतं आणि हे निळं पाणी बरंचसं उपाशी. ताज्या माशाचा भाव इथे डोळे पांढरे करतो तो याचमुळे.

मासा मागवायचा असेल तर हे पाळा. भाव किलोवर असतो, म्हणून मासा आधी दाखवायला सांगा, समोर वजन करून घ्या आणि आकडा विचारा. मेनूवर माशाच्या नावापुढे चांदणीची खूण असेल तर तो बहुधा बर्फातला. कालामारी, म्हणजे माकूळ, बरेचदा तसाच असतो.

शाकाहारी माणसाचं क्रीटमध्ये फार बरं चालतं. 'लादेरा' म्हणजे भरपूर ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या: फरसबी, भेंडी, वांगी-बटाटे. 'होर्ता' ही रानभाजी उकडून वर तेल-लिंबू. 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. 'दाकोस' म्हणजे जवाच्या कडक टोस्टावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि ओरेगानो. टोमॅटोचा रस मुरेपर्यंत पाच मिनिटं थांबा, नाहीतर दाताचं काम निघेल. 'येमिस्ता' या भातभरल्या टोमॅटोंत कधी खिमा असतो, म्हणून 'होरिस क्रेआस', म्हणजे मांसाशिवाय, असं विचारा. 'निस्तीसिमो' हा शब्दही पाठ करा. ते तिथल्या उपासाचं जेवण: मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. कोळंबी, माकूळ आणि शिंपल्या मात्र त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं लक्षात असू द्या.

आणि स्फाकियानी पीता. हा या भागाचाच पदार्थ. पिठात पाणी, थोडं तेल आणि थोडी राकी, म्हणजे तिथली द्राक्षांची दारू, घालून मऊ कणीक मळतात, उंड्यात जवळपास तेवढाच मिझिथ्राचा गोळा भरतात, ताटलीएवढा पातळ लाटतात आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. वरून मध. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला यात शिकण्यासारखं काही नाही. गंमत आहे ती खारट-आंबूस चीज आणि मधाच्या जोडीत. गरम असतानाच खावी, गार झाली की चिवट होते.

जेवणानंतर न मागता फळं आणि राकीची छोटी बाटली येते. ती यजमानाकडून असते, बिलात नसते. ब्रेडचे पैसे मात्र बहुधा लावलेले असतात. घ्यायची नसेल तर राकी ओठाला लावून ठेवली तरी मान राहतो.

भाषेत एक फसवी जागा आहे. 'ने' म्हणजे हो! नाही म्हणजे 'ओही'. पण कुणी मान किंचित मागे टाकून जिभेनं 'च्च' केलं तर ते नाहीच; ते आपल्याला शिकवावं लागत नाही.

दुपारी दोन ते साडेपाच गाव झोपतं. त्या वेळात मोठ्यानं बोलणं वाईट दिसतं.

दिवस तिसरा: ग्लिका नेरा, गोड पाण्याचा किनारा

गावाच्या पूर्व टोकाकडून वाट निघते. हा युरोपातल्या ई-४ या लांबलचक पायवाटेचा तुकडा आहे. काळ्या-पिवळ्या खुणा खांबांवर आणि खडकांवर दिसतात. सव्वा तास धरा. उंच चढ नाही, पण सगळी वाट दगडधोंड्यांची आणि सावली कुठेही नाही. माणशी दीड ते दोन लिटर पाणी घ्या आणि सातपर्यंत निघा; मग ऊन चढायच्या आत पोचता.

किनारा लांब, करड्या गोट्यांचा, मागे उभा कडा. इथलं मुख्य काम म्हणजे विहीर खणणं. पांढऱ्या डोंगरांवरचा बर्फ आणि पाऊस चुनखडीच्या भेगांतून आत मुरतो आणि थेट समुद्रकाठी गोट्यांखालून बाहेर पडतो. लाटेच्या रेषेपासून काही पावलं वर, आधीच कुणी खणलेला खड्डा असेल त्याच्या जवळ, हातानं गोटे बाजूला करत फूट-दीड फूट खाली जा. पाणी झिरपू लागतं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाका, पुन्हा भरू द्या, मग चव घ्या. मचूळ लागलं तर खड्डा समुद्राच्या फार जवळ आहे; आणखी वर सरका. पोहतानाही अंगाला मधूनच गार पट्टे लागतात. ते समुद्राच्या तळातून वर येणारं हेच गोडं पाणी.

चूक होते ती बसण्याच्या जागेची. सावली मिळते म्हणून लोक कड्याच्या अगदी पायाशी पंचे पसरतात आणि वरून बकऱ्यांच्या पायानं सुटलेले दगड तिथेच येतात. दगडांचे ताजे, पांढरे तुकडे पडलेले दिसले तर ती जागा सोडा. इथे काही लोक कपड्यांशिवाय ऊन खात असतात. मुलं बरोबर असतील तर आधी कल्पना द्यावी. कॅमेरा त्या दिशेनं वळवू नये.

हंगामात छोटी बोट इथून लूत्रोला परत नेते. शेवटची किती वाजता ते सकाळीच विचारून निघा. पुढे होरा स्फाकिओनपर्यंत चालायचं तर कड्यात कोरलेला अरुंद पट्टा लागतो, एका बाजूला सरळ खाली समुद्र. उंचीची भीती असलेल्यांनी तो टाळावा.

दिवस चौथा: फीनिकास, लिकोस, मार्मारा

आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस हाच, म्हणून त्याला हवा बघून ठेवा. ऊन पाठीवर घेत पश्चिमेला जायचं असतं.

गावामागून वाट खिंडीकडे चढते. वर तुर्की काळातल्या छोट्या किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि 'कानचेलारिया' नावाची इमारत, जिथे १८२१ च्या उठावात क्रीटच्या क्रांतिकारकांची बैठक बसत असे. खिंडीच्या पलीकडे फीनिकास, जुनं फिनिक्स बंदर. गावातून चालत अर्ध्या तासाच्या आत. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, २७ व्या अध्यायात, संत पौलाला घेऊन निघालेलं जहाज हिवाळा काढण्यासाठी याच बंदराकडे निघतं. वादळ त्याला गाव्दोस बेटाजवळून पार माल्टापर्यंत फरफटत नेतं. खिंडीत उभं राहून दोन्ही बाजूंची आखातं पाहिली की खलाशांना हीच जागा का हवी होती ते कळतं: एका बाजूला वारा असला तर दुसरीकडे आडोसा. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला गाव्दोस दिसतं, युरोपचं सगळ्यात दक्षिणेकडचं बेट.

फीनिकासहून पंधरा-वीस मिनिटांत लिकोस. इथे थांबून पाणी भरा, कारण पुढचा टप्पा कठीण आहे. लिकोसच्या पश्चिम टोकाला खडक चढावा लागतो, रंगाचे ठिपके बघत, काही ठिकाणी हात टेकून. ठिपका दिसेनासा झाला की पुढे रेटू नका, शेवटच्या ठिपक्यापर्यंत मागे या. बकऱ्यांच्या वाटा माणसांच्या वाटेसारख्याच दिसतात आणि कड्यावर जाऊन संपतात. लूत्रोपासून मार्मारापर्यंत एकूण दीड ते पावणेदोन तास.

मार्मारा म्हणजे संगमरवर. अरादेना घळीच्या तोंडाशी छोटासा किनारा, दोन्ही बाजूंना गुळगुळीत पट्ट्यापट्ट्यांचे खडक आणि पाण्यानं कोरलेल्या गुहा. गॉगल आणि नळी घेऊन खडकाच्या कडेनं पोहत गेलं तर गुहांत शिरता येतं; लाट असेल तर शिरू नका, डोकं छताला लागतं. वर खानावळ आहे.

दम असेल तर घळीत तासभर आत जाऊन परत या. कण्हेरीची झुडपं, गुळगुळीत धोंडे, शंभरेक मीटर उंच भिंती. पूर्ण घळ उतरायची तर आदल्या दिवशी गाडीची सोय करून वर अरादेना गावी जावं लागतं. तिथे घळीवर १९८६ साली बांधलेला १३८ मीटर उंचीचा लोखंडी पूल आहे; गाडी गेली की त्याच्या लाकडी फळ्या मेघगर्जनेसारख्या वाजतात. उतरायला अडीच ते तीन तास लागतात.

मार्माराहून छोट्या बोटीनं परतावं. कयाक भाड्यानं घेऊनही लोक इथवर येतात, पण दुपारी वारा उठतो आणि परतीची वल्ही जड होतात. कयाक घ्यायचा तर सकाळी, किनारा न सोडता, आणि बाराच्या आत परत.

दिवस पाचवा: समारियाची घळ, खालच्या बाजूनं

समारियाची पूर्ण वाट १६ किलोमीटरची. साधारण १,२३० मीटर उंचीवरच्या क्झिलोस्कालोपासून सुरू होते आणि गुडघ्यांची परीक्षा घेते. लूत्रोत राहणाऱ्याला सोपा मार्ग आहे. सकाळच्या बोटीनं आया रुमेलीला जा, पाऊण तास लागतो, आणि खालून वर चाला. गावापासून घळीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजापर्यंत दोन-तीन किलोमीटर, तिथे तिकीट, आणि मग 'पोर्तेस', म्हणजे दरवाजे: तीन-चार मीटर रुंदीची चीर आणि दोन्ही बाजूंना सुमारे तीनशे मीटरचे कडे. एकूण एकेरी चार-पाच किलोमीटर. ओढा दगडांवरून ओलांडावा लागतो, त्यात उतरून पोहायला मनाई आहे.

वेळेचं गणित इथे महत्त्वाचं. वरून उतरणाऱ्यांचा लोंढा दुपारी पोर्तेसला पोचतो. त्याआधी पोचलात तर ती चीर जवळपास एकट्याला मिळते. जोराचा पाऊस आला की दरड आणि पुराच्या धोक्यामुळे घळ बंद ठेवतात, उष्णतेच्या लाटेतही ठेवतात. घळीतलं मूळ समारिया गाव १९६२ साली उद्यान झालं तेव्हा रिकामं करण्यात आलं.

आया रुमेलीचे काळे गोटे दुपारी तव्यासारखे तापतात; चपला पाण्याच्या काठापर्यंत घालून जा. परतीची बोट गर्दीची असते, तिकीट उतरल्या उतरल्या काढून ठेवा.

दिवस सहावा: वाऱ्यासाठी राखीव

उन्हाळ्यात उत्तरेचा वारा घळींतून खाली कोसळतो आणि समुद्रावर पांढरे फेसाचे पट्टे उठवतो. असा दिवस आला तर बोटी रद्द होतात. म्हणूनच हा दिवस मोकळा ठेवायचा. वारा नसला तर गावामागची नागमोडी वाट चढून आनोपोली या डोंगरावरच्या गावी जा: सहाशे मीटरांहून जास्त चढ, दोन तास, पहाटे सहाला निघून. वरच्या चौकात दास्कालोयानिसचा पुतळा आहे. १७७० च्या तुर्कांविरुद्धच्या उठावाचा हा पुढारी इथलाच, आणि हानियाच्या विमानतळाला त्याचंच नाव आहे.

परतीचं विमान लूत्रो सोडाल त्याच दिवसाचं काढू नका. मध्ये एक रात्र हानियात ठेवा. होरा स्फाकिओनहून संध्याकाळची हानियाची बस समारिया उतरून आलेल्यांच्या बोटीशी जुळवलेली असते, तीच सोयीची. आणि बोट रद्द झाली, तरी ग्लिका नेरावरून होरा स्फाकिओन अडीच-तीन तासांत चालत गाठता येतं. मात्र कड्यावरच्या पट्ट्यावर वारा माणसाला ढकलतो, म्हणून जोराच्या वाऱ्यात ती वाट धरू नये. एक रात्र थांबावं. वारा पडल्यावर निघालात तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर डांबरी रस्ता आहे आणि पाठीवर दहाच किलो असतील तर तेवढं जमतं.